पिंपळे सौदागरची पाहणी आणि जुनीं दप्तरें

ज्यांस खेड्यांतील लोकांत राहून धंद्याचें काम करावयाचें आहे, त्यांनीं सामाजिक पाहणीची रीत कशी शिकावी, याचें उत्तम उदाहरण डॉ. हॅरोल्ड मॅन यांचें होय. हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ व पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल. परंतु माती तपासून शेतकऱ्याची स्थिति कळत नाहीं. त्याचें क्षेत्र, कर्ज व मजुरी हींही तपासावीं लागतात.

ही रीत त्यांनीं स्वदेशींच हस्तगत केली होती. राउंट्री यांनीं यॉर्क शहरांत घरोघर चौकशी करून दारिद्र्यावरील आपला ग्रंथ १९०१ सालीं प्रसिद्ध केला. तीच पद्धति मॅन यांनीं बेडफर्डशायरमधील रिजमंट या खेड्यास लावून पाहिली. नंतर पुण्यानजीकच्या पिंपळे सौदागरची पाहणी सहकाऱ्यांसह करून ती १९१७ सालीं, व कानिटकरांसह केलेली जातेगांव बुद्रुकची १९२१ सालीं प्रसिद्ध केली.

आमच्या वाचकांनीं एक गोष्ट विशेष लक्षांत घ्यावी. पिंपळ्यास दर खातेदारामागें सरासरी जमीन सन १७७१ मध्यें सुमारें ४० एकर, १८१८ मध्यें १७॥ एकर आणि १९१४-१५ मध्यें अवघी ७ एकर होती, असें मॅन दाखवितात. शेवटचा आंकडा शिवारांत फिरून मिळेल. पहिला मात्र जुन्या कागदांवांचून मिळणें नाहीं. तो नसता तर दारिद्र्य दिसलें असतें, त्याची चाल दिसली नसती. मुंबई प्रांतांत १९४७ सालीं तुकडेबंदीचा कायदा झाला, त्याच्या मुळाशीं हाच जमिनीच्या वांटण्यांचा प्रश्न होता.

तथापि आंकडे एका ओळींत मांडले म्हणजे तुलना सिद्ध झाली, असें नव्हे. पेशवाईंतील मिरासदार, उपरी व इंग्रजी अमलांतील खातेदार हे एकाच अर्थाचे नव्हेत. बिघ्याचें मापही सर्वत्र एक नव्हतें. हा विवेक शिकवणें हें इतिहाससंशोधकाचें काम आहे. प्रश्नपत्रिका घेऊन गांवीं जाणाऱ्यास मोडी वाचतां येत नसेल, तर त्यानें वाचणाऱ्यास सोबत न्यावें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, सनदा व राजपत्रें यांच्याइतक्याच काळजीनें गांवचे थळझाडे, लावणीचे खरडे व कुळांच्या याद्याही जतन कराव्या. त्यांत लढाया नाहींत, मोठीं नांवें नाहींत. पण कुणब्याच्या शेताचें क्षेत्र तेथेंच लिहिलेलें आहे, आणि तो कागद एकदां रद्दींत गेला कीं कोणत्याही पाहणीनें तें परत यावयाचें नाहीं.