आठ हजार अक्षरांच्या जागेत बसवलेला कंपायलर

इ. स. १९६०. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय संशोधकांनी स्वतः घडवलेला संगणक कार्यान्वित झाला. पुढे १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले.

त्याची स्मृती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. म्हणजे अवघे १०,२४० बाइट. हा संपूर्ण धागा त्यात साठवला असता, तर निम्म्याहून अधिक जागा त्यानेच व्यापली असती. प्रत्येक बिटासाठी फेराइटची एक बारीकशी कडी लागे. अशा स्मृतीत आज्ञा लिहायच्या त्या यंत्राच्याच भाषेत, आकड्यांत. जागेची काटकसर सर्वस्वी माणसाच्या डोक्यावर.

मग कंपायलर का नाही? फोरट्रान तर १९५७ सालीच आली होती. अडचण साधी होती. माणसाची भाषा यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर हासुद्धा एक प्रोग्रामच. मूळ मजकूर, चलांच्या याद्या, तयार होणाऱ्या आज्ञा आणि खुद्द कंपायलर, या सर्वांना एकाच वेळी जागा हवी. ती आणायची कोठून?

याचे सर्वांत विलक्षण उत्तर आयबीएम १४०१ या यंत्रावर सापडते. १९५९ साली जाहीर झालेले हे यंत्र साठच्या दशकात मुंबईच्या कार्यालयांतही दिसू लागले. त्याच्या फोरट्रान कंपायलरला ८००० अक्षरांची स्मृती पुरे. रचनाकारांनी नेहमीचा क्रमच उलटा केला. एरवी कंपायलर स्मृतीत ठाण मांडून बसतो आणि प्रोग्राम त्याच्यापुढून सरकतो. येथे प्रोग्राम जागेवर राहिला आणि कंपायलरचे ६३ तुकडे करण्यात आले. दर्शनबारीत विठ्ठल विटेवर स्थिर आणि वारकरी एकामागून एक पुढे सरकतात, तसाच हा प्रकार! एक तुकडा टेपवरून स्मृतीत येई, आपले एकच काम उरके आणि पुढचा तुकडा त्याचीच जागा घेई. कोणी अनावश्यक शब्द गाळी, कोणी एकाच प्रकारची विधाने हाताळी. मूळ मजकूर आटत जाई आणि मोकळ्या झालेल्या जागेत यंत्राच्या आज्ञा आकार घेत. मात्र प्रोग्रामच फार मोठा निघाला, तर सारेच खुंटे.

भारताच्या दृष्टीने या कथेला एक कडवट बाजू आहे. १९६४ साली आयबीएमने सिस्टम/३६० ही नवी मालिका जाहीर केली. भारतीय ग्राहकांच्या वाट्याला मात्र पुढेही अन्यत्र वापरून झालेली, दुरुस्त केलेली १४०१ यंत्रेच येत राहिली, आणि तीही भाड्याने. स्मृतीची टंचाई येथे केवळ तंत्रज्ञानाची मर्यादा नव्हती. व्यापारी धोरणाने तिचे आयुष्य लांबवले होते.

टाटा संस्थेने निराळी वाट धरली. १९६४ साली तेथे सीडीसी ३६०० आला: ३२,७६८ शब्द, प्रत्येकी ४८ बिटांचे. टिफ्रॅकच्या सुमारे १९ पट स्मृती, आणि सोबत फोरट्रान. आयबीएमने १९७८ साली भारतातून काढता पाय घेतला, तेव्हा तिची जुनी यंत्रे अनेक कार्यालयांत अजून चालूच होती.