जुन्या कॅसेट संगणकावर घेताना
लग्न-मुंजीच्या चित्रीकरणाच्या कॅसेट संगणकावर उतरवण्यापूर्वी हार्ड डिस्कवरील मोकळी जागा तपासावी. १९९५ साली आलेल्या डीव्ही पद्धतीत तासाभराच्या चित्रीकरणास सुमारे १३ जीबी जागा लागते. फॅट-३२ पद्धतीच्या डिस्कवर ४ जीबीहून मोठी फाइल साठत नाही. विंडोजवर एनटीएफएस सोयीची ठरते. डीव्ही कॅमेरा फायरवायर केबलने जोडतात. नव्या संगणकांत हे पोर्ट सहसा नसल्याने वेगळे कार्ड बसवावे लागते. व्हीएचएस कॅसेटसाठी चालू स्थितीतील व्हीसीआर आणि कॅप्चर कार्ड आवश्यक असते. मात्र जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले आणि चुंबकीय फीतही काळानुसार क्षीण होत जाते. त्यामुळे जागेची सोय होताच हे काम उरकावे आणि फाइलची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर जपावी.