‘र’ला हद्दपार करणारी भाषा

भाषाविज्ञानाच्या तासाला कृत्रिम भाषांचा विषय निघाला की आपण एस्पेरांतोचे नाव घेतो आणि पुढे जातो. तिच्या सात वर्षे आधी, 1880 मध्ये, पुस्तकरूपाने अवतरलेली व्होलाप्यूक सहसा तळटीपेतच राहते. ध्वनी आणि लेखन यांच्या अभ्यासकाला मात्र तिची कहाणी अधिक काही शिकवते, असे आम्हांला वाटते.

तिचे कर्ते योहान मार्टिन श्लायर (1831–1912) हे जर्मनीतील बाडेनमध्ये, कॉन्स्टन्सजवळच्या लिट्झेलश्टेटेन या गावी कॅथलिक धर्मगुरू होते. गावातल्या एका शेतकऱ्याने अमेरिकेतील मुलाला धाडलेले पत्र परत आले. पत्ता ज्या रीतीने लिहिला होता, ती तिथल्या टपालखात्याला उलगडली नाही, अशी कथा सांगितली जाते. श्लायर यांनी प्रथम साऱ्या जगासाठी एक वर्णमाला योजली. मार्च 1879 मधील एका निद्राहीन रात्री त्यांना अख्खी भाषाच सुचली. या भाषेचे मूळ असे लेखनाच्या अडचणीत आहे.

लेखनाचा नियम साधा होता : एका अक्षराला एकच ध्वनी, आणि आघात नेहमी शब्दाच्या अंती. शब्दसंपत्ती प्रामुख्याने इंग्रजीतून आणि काही प्रमाणात जर्मनमधून घेतलेली. परंतु शब्द आत घेताना श्लायर यांनी दारावर कडक पहारा बसवला. नाम शक्यतो एकाक्षरी हवे. प्रत्यय जोडता यावेत म्हणून ते व्यंजनाने सुरू व्हावे आणि व्यंजनानेच संपावे. ‘स’ हा अनेकवचनाचा प्रत्यय असल्याने तो मूळ शब्दाच्या शेवटी नको. शिवाय ‘र’ होता होईतो टाळावा, कारण चिनी लोकांना, मुलांना आणि वृद्धांना तो जड जातो.

या पहाऱ्यातून पार होताना ‘वर्ल्ड’चा ‘व्होल’ झाला, ‘स्पीक’चा ‘प्यूक’. दोन्ही मिळून ‘व्होलाप्यूक’, म्हणजे जगाची भाषा. ‘फ्रेंड’चा ‘फ्लेन’, ‘अ‍ॅनिमल’चा ‘निम’, अमेरिकेचे ‘मेलोप’. ‘रोझ’ तर दोन्ही टोकांनी सोलले जाऊन ‘लोल’ झाले. इंग्रज वाचकालाही आपलाच शब्द ओळखू येईना.

गंमत अशी, की ‘र’ला हद्दपार करणाऱ्या श्लायर यांनी दोन टिंबांचे तीन जर्मन स्वर मात्र ठेवले. ओठ गोल करून ‘ई’ म्हणावी तसा त्यांतला एक स्वर भाषेच्या नावातच आहे, आणि तो इंग्रजी जिभेला वळत नाही. उलट, प्रमाण चिनीत ‘र’च्या जवळचा ध्वनी आहेच, आणि जपानी माणसाला ‘र’पेक्षा ‘ल’चीच अडचण. मराठी माणसाला ‘ळ’ कुठे अवघड वाटतो? सुलभता ध्वनीत नसते, जिभेच्या सवयीत असते. श्लायर यांनी दुसऱ्यांची सोय कल्पनेने ठरवली आणि स्वतःची सवय निसर्गनियम मानली.

तरीही ही भाषा फोफावली. 1889 च्या सुमारास तिची 283 मंडळे आणि 25 नियतकालिके असल्याचे आकडे दिले जातात. त्या वर्षीच्या पॅरिसच्या अधिवेशनाचे कामकाज व्होलाप्यूकमध्येच चालले. पण भाषा वापरणाऱ्यांना ती बदलायचीही होती. अकादमीचे संचालक ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांना सुटसुटीत, व्यवहारोपयोगी भाषा हवी होती. श्लायर यांना अंतिम नकाराधिकार हवा होता. चळवळ दुभंगली. याच अकादमीतून पुढे 1902 मध्ये ‘इडिओम नॉयट्राल’ ही भाषा आली, आणि तिने अनेक युरोपीय भाषांत आधीच ओळखीचे असलेले शब्द स्वीकारले. 1931 मध्ये डच डॉक्टर आरी द योंग यांनी व्होलाप्यूकची सुधारित आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा ‘र’ सन्मानाने परतला.

प्रमाणलेखनाचे नियम करणाऱ्या आणि शिकवणाऱ्या आपणा सर्वांसाठी यात एक इशारा आहे. उच्चार सोपा करताना शब्दाची ओळख पुसली, तर हाती येणारी सोय कोणाच्याच कामाची नसते. डॅनिश भाषेत आज ‘व्होलाप्यूक’ या शब्दाचा रूढ अर्थ आहे : अगम्य बडबड.