तळणीचा लांब किरण

सन 1898 च्या जानेवारीच्या 22 तारखेस भारतात खग्रास सूर्यग्रहण झाले. चंद्रछायेचा पट्टा विजयदुर्गाकडून जेऊर व वऱ्हाडातील तळणी यांवरून ईशान्येस गेला. नागपूर जिल्ह्यातील भिवापूर त्याच्या दक्षिणेस राहिल्यामुळे तेथे ग्रहण खंडग्रासच झाले. जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी नायगामवाला वेध घेत होते. तर धामणगाव व पुलगाव यांच्या दरम्यान असलेल्या तळणीस इंग्लंडहून आलेल्या मंडळींत अ‍ॅनी माँडर या विदुषी होत्या.

खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटांची. तेवढ्या अवधीत अ‍ॅनीबाईंनी दीड इंच व्यासाच्या व नऊ इंच केंद्रांतराच्या लहानशा भिंगाने सूर्याच्या प्रभामंडलाची छायाचित्रे घेतली. त्यांत सुमारे 60 लक्ष मैल लांबीचा एक किरण उमटला. तो खरोखर आकाशातला की काचेतला, हा प्रश्न अशा वेळी टाळता येत नाही.

याचे कारण असे की, तेजस्वी प्रकाश लेप भेदून काचेच्या मागल्या पृष्ठावरून परत फिरतो व मूळ बिंदूभोवती खोटे वलय उमटवितो. काच दीड मिलिमीटर जाडीची असल्यास या वलयाची त्रिज्या अडीच मिलिमीटरांहून किंचित अधिक भरते. वरील भिंगातून काचेवर पडणारे सूर्यबिंबच मुळी दोन मिलिमीटर व्यासाचे. म्हणजे वलय नेमके प्रभामंडलावरच पडावयाचे! म्हणून काचेच्या पाठीस काळा लेप देण्याची चाल पडली. परत फिरणारा प्रकाश तेथेच शोषला जातो.

दुसरा चोर भिंगात असतो. भिंगाच्या पृष्ठांमध्ये परावर्तित झालेला प्रकाश बहुधा मध्याच्या विरुद्ध बाजूस फिकट डाग पाडतो. आरशाच्या दुर्बिणीत लहान आरसा धरणाऱ्या चार पट्ट्या ताऱ्यांना चार टोके फोडतात. दुर्बिणीची नळी फिरविली की टोकेही फिरतात. तारा मात्र जागचा हालत नाही.

हीच कसोटी तळणीच्या किरणास लावावी. काचेतील वलय वाटोळे व तोकडे. हा किरण सरळ असून बिंबापासून सुमारे पंधरा मिलिमीटर गेलेला. तेव्हा निदान काचेच्या पाठीवर तरी त्याचा दोष ठेवता येत नाही. पुढे 1995 साली अवकाशात गेलेल्या सोहो यानाने सूर्याच्या 30 त्रिज्यांपर्यंतचे प्रभामंडल टिपले, तेव्हा असे लांब किरण वारंवार दृष्टीस पडले. त्या चित्रांतही सूर्य झाकणाऱ्या तबकडीच्या दांड्याची सावली दिसते. परंतु ती यंत्राची म्हणून ओळखून सोडून देतात.

आज काचेची जागा इलेक्ट्रॉनिक पटलाने घेतली असली, तरी त्यावरील झाकणकाच व गाळणी यांमध्ये प्रकाश तसाच मागेपुढे होतो व ताऱ्यांभोवती वलये पडतात. उपायही जुनाच आहे: कॅमेरा फिरवावा, गाळणी काढून पाहावी, दुसऱ्या भिंगाने पुन्हा चित्र घ्यावे. यंत्राबरोबर जे बदलते ते यंत्राचे. यंत्र बदलूनही जे आपल्या जागी राहते, ते आकाशाचे.