न विचारलेला प्रश्न



रोवणीच्या दिवसांत बोटे आखडली तर ती गोष्ट आपण शेजारणीला सहज सांगतो. पण त्याच दुखण्याचा नवरा-बायकोच्या एकांतावर काय परिणाम झाला, हे डॉक्टरांपुढेही तोंडातून निघत नाही. असे प्रश्न मराठीत विचारता यावेत म्हणून ज्यांनी दंड सोसला, त्यांचे आज स्मरण करू.

प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. पत्नी मालतीबाईंची त्यांना साथ होती. जुलै १९२७ पासून १९५३ साली निधन होईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यात वाचक कामजीवनाविषयी शंका विचारीत व कर्वे उत्तरे देत. त्या उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरीही २०० रुपये दंड झालाच.

संधिवाताच्या एका प्रकारात व लूपस या रोगात शरीराची संरक्षक शक्ती शरीरावरच उलटते. हे रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. १९४८ साली अमेरिकेत डॉ. हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीस कॉर्टिझोन दिले आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे त्या औषधाचे दुष्परिणामही कळले. परंतु थकवा, अंगाचा कोरडेपणा, समागमाच्या वेळच्या वेदना यांची विचारपूस क्वचितच होई. लूपस झालेल्या बाईला तर मूल होऊ देऊ नको, असेच पुष्कळ काळ सांगत.

आज तसे नाही. रोग सुमारे सहा महिने शांत राहिला, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली बहुतेकींना मातृत्व लाभू शकते. मात्र मेथोट्रेक्सेटसारखे औषध गर्भास घातक असल्याने ते चालू असताना संततिनियमन हवेच. औषध आपल्या मनाने बंद करू नये. म्हणजे कर्व्यांचा विषय रोग्याच्या उपचाराचाही भाग झाला. वेदनांसाठी उपाय साधे आहेत : सकाळचा आखडलेपणा टाळून वेळ निवडावी, आधी गरम पाण्याने अंग शेकावे, दुखऱ्या सांध्याखाली उशी घ्यावी, कोरडेपणावर डॉक्टरांकडून मलम घ्यावे.

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे जाताना सांध्यांबरोबर हा प्रश्नही न्यावा, शक्य तर पतीला सोबत घेऊन. विचारणाऱ्यास आता दंड होत नाही.