मेरुद्रवातल्या पेशींकडे पाहताना

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (एमएस) शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर उलटते. शार्को यांनी १८६८ साली पॅरिसमध्ये या आजाराचे जे नेटके वर्णन केले, त्याला मोठा आधार होता तो मृत्यूनंतरच्या तपासणीचा. रुग्ण जिवंत असताना त्याच्या मेंदूचा तुकडा काढून पाहणे क्वचितच शक्य असते. म्हणूनच १८९१ मध्ये क्विंके यांनी कमरेतून सुई घालून मेरुद्रव, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचे पाणी, काढण्याची जी रीत घालून दिली, तिचे मोल फार मोठे आहे. आपल्याकडे जिला ‘पाठीतलं पाणी काढणं’ म्हणतात आणि अजूनही लोक घाबरतात, ती हीच तपासणी.

या पाण्यात पेशी फार थोड्या असतात. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये हजारो पांढऱ्या पेशी सापडतात. निरोगी माणसाच्या मेरुद्रवात पाचांहून कमी. एमएसच्या कित्येक रुग्णांतही हा आकडा जेमतेम वाढलेला असतो, आणि पन्नाशीपलीकडे गेला तर डॉक्टरांना दुसऱ्याच आजाराची शंका येते. वाचकांनी संख्येपाशी थांबू नये, ते याचसाठी. विचारायचे ते या पेशी कोण आहेत हे. बहुतेक टी-पेशी, बी-पेशी मोजक्याच, पण त्यांतल्या अनेक एकाच मूळ पेशीच्या वंशज. याच वंशावळीतल्या प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींमुळे तपासणीत ठरावीक पट्टे उमटतात. ते रक्तात नसून मेरुद्रवातच दिसले तरच निदानाला बळ मिळते. म्हणून दोन्ही नमुने सोबत तपासावे लागतात. पेशींचा अभ्यास करायचा तर घाईही हवी, कारण शरीराबाहेर त्या काही तासांतच मरू लागतात.

या क्षेत्राने मला सर्वाधिक चकित केले ते रिटुक्सिमॅबच्या वेळी. हे औषध बी-पेशी नाहीशा करते, प्रतिपिंडे बनवणाऱ्या पक्व प्लाझ्मा पेशींना मात्र हात लावत नाही. २००८ च्या चाचणीत मेंदूतल्या दाहाच्या जागा झपाट्याने घटल्या. एवढे होऊनही मेरुद्रवातले पट्टे सहसा तसेच राहतात, आणि तिथल्या टी-पेशी मात्र कमी झालेल्या आढळल्या. म्हणजे बी-पेशींचे काम प्रतिपिंडांपुरते नव्हते. टी-पेशींना चिथावण्यातही त्यांचा हात असावा. पाठ्यपुस्तकातली टी-पेशीकेंद्री मांडणी त्यामुळे नव्याने तपासावी लागली.

तुम्ही या विषयात नवे असाल, तर या पुस्तकातले पेशी मोजण्याच्या पद्धतींचे प्रकरण पहिल्या वाचनात खुशाल ओलांडा. बी-पेशींच्या प्रकरणापासून सुरुवात करा, मग एमएसशी जोडल्या जाणाऱ्या एपस्टाइन-बार विषाणूकडे वळा. पद्धतींकडे परत याल तेव्हा त्या कशासाठी लागतात हे तुम्हाला ठाऊक असेल.