फळांचा गंध, चंदनाचा पाया

एकलहरे म्हटले की औष्णिक वीज केंद्राची धुराडी डोळ्यांपुढे येतात. पण खुशबूचा विषय निघाला की मला नाशिकचे मोगलकालीन नाव आठवते, ‘गुलशनाबाद’, म्हणजे फुलबागांचे शहर. आमच्याकडची तरुण पोरं आता जुम्याच्या नमाजला कानात अत्तराचा फाया ठेवून येत नाहीत, अंगावर फवारा मारून येतात. बाटलीवर लिहिलेले असते ‘फ्रूटी, वुडी, पुरुषांसाठी’. वडीलधारे नाक मुरडतात. फळांचा गोड वास मर्दांना शोभतो का, असा त्यांचा सवाल असतो. या सवालाचे उत्तर इतिहासात शोधावे लागेल.

आधी या खुशबूचा स्वभाव पाहू. फवारा मारताच सफरचंद, पीच, अननस असा रसाळ गंध येतो. त्याचे कण हलके असल्याने ते लवकर उडतात. मग खालचा लाकडी गंध वर येतो. चंदन, देवदार, ऊद यांचे कण जड असतात, म्हणून हा गंध तासन्‌तास टिकतो. सुरुवात गोड आणि शेवट कोरडा, धीरगंभीर, असा हा प्रवास आहे.

यातला लाकडी भाग तर आपल्या घरचाच. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशहाच्या खुशबूखान्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यात चंदन आहे, ऊदापासून काढलेला चोवा आहे आणि चंदन-गुलाबजलाचा अरगजाही आहे. दख्खनमध्ये विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी (१५८०-१६२७) ‘इत्र-ए-नौरसशाही’ हा खुशबूवरचा खास ग्रंथ लिहिला गेला.

फळाची गोष्ट वेगळी. पीच किंवा अननस देगमध्ये उकळून अत्तर निघत नाही. पीचचा गंध देणारा ‘अल्डिहाइड सी-१४’ नावाचा पदार्थ विसाव्या शतकाच्या आरंभी प्रयोगशाळेत तयार झाला आणि १९१९ मध्ये पॅरिसच्या गर्लां कंपनीने तो ‘मित्सुको’त वापरला. पण गोड गंधाची हौस त्याआधीची आहे. आपल्या लोकांनी ती फुलांतून भागवली. हिरवा चाफा हुंगला तर पिकल्या फळांचा वास येतो. मोगऱ्यात असलेला एक घटक अमेरिकेच्या काँकर्ड द्राक्षांतही असतो. कन्नौजच्या पद्धतीत तांब्याच्या देगमध्ये फुले आणि पाणी उकळतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते आणि तिथल्या चंदनतेलात फुलाचा गंध मुरतो. चंदनावर उतरवलेला मोगरा म्हणजे वर गोडवा आणि खाली लाकूड. आजच्या बाटलीचा घाटही हाच आहे.

आता ‘मर्दाना’ म्हणजे काय ते पाहू. नूरजहाँची आई अस्मत बेगम हिने गुलाबजलावर तरंगणारे तेल गोळा केले. त्याला ‘इत्र-ए-जहांगिरी’ नाव मिळाले. जहांगीरने आपल्या आठवणींत त्याची मनापासून तारीफ केली. गुलाब लावल्याने बादशहाच्या मर्दानगीत काही उणे आले नाही. तिरमिजीतल्या एका हदीसचा आशय असा आहे की, पुरुषांच्या खुशबूचा वास जाणवावा, रंग दिसू नये. तिथे फूल, फळ की लाकूड हा प्रश्नच नाही. बाटल्यांची ‘पुरुषांसाठी’ आणि ‘स्त्रियांसाठी’ अशी आजची वाटणी प्रामुख्याने बाजाराने केली आहे.

दुसरी वाटणी मला जास्त खटकते. अत्तराचा वास आला की ‘मुसलमान आला’ असे मानणारे कमी नाहीत. त्यांनी आपली मराठी जरा तपासावी. अत्तर आणि अबीर हे शब्द अरबीतून आले, गुलाब फारसीतून. विठ्ठलाला अबीर लागतो. लग्नात पाहुण्यांच्या हातावर अत्तर लावून गुलाबपाणी शिंपडतात, तेव्हा कुणी कुणाचा धर्म विचारत नाही.

खरी चिंता चंदनाची आहे. बेसुमार तोडीमुळे हे झाड आज जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानले जाते. तेल महाग झाल्याने स्वस्त अत्तरांत चंदनाच्या जागी पॅराफिनसारखी तेले आली. म्हणून ज्येष्ठांना माझे सांगणे आहे, पोरांच्या फवाऱ्यातल्या फळांवर रागावू नका. ती नवी असली तरी तो गोडवा आपल्या ओळखीचा आहे. आणि पोरांनो, बाटली जरूर घ्या, पण एकदा अस्सल चंदनावरचा मोगरा मनगटावर लावून संध्याकाळपर्यंत थांबा. दिवस मावळताना जो गंध उरेल, तो दख्खनचा आहे, आपल्या सगळ्यांचा आहे.